पत्र्यामागची सोनकी

सोनकी फुलली की मला राग येतो.

असं म्हटलं की लोक माझ्याकडे चमकून बघतात. फुलांचा कोणाला राग येतो का? पण दरवर्षी गणपती उठले, पावसाचा जोर सरला, केडगावच्या गच्च्यांवर ओलसर गाद्या उन्हात आल्या, की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अकोले तालुक्यातल्या डोंगरांचे फोटो यायला लागतात. पिवळेधमक उतार, त्यांच्यावर टेकलेले ढग आणि मधोमध, फुलं तुडवत, हात पसरून उभं राहिलेलं कोणीतरी. मी शाळेतून घरी येते, चहाचं आधण ठेवते, फोन उघडते आणि माझं डोकं फिरतं. बाहेरच्या खोलीतून सुरेश विचारतो, "आली का गं सोनकी?" मी म्हणते, "आली." भांडी जरा जोरात आपटतात तेवढंच.

सुरेश माझा नवरा. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे घरात अरे-तुरे. सासरच्या चार माणसांत मात्र 'अहो'. एका दूध संघात तो सुपरवायझर होता. गावोगावची संकलन केंद्रं तपासत हिंडणं हे त्याचं काम आणि त्यासाठी शंभर सीसीची एक काळी मोटारसायकल. करंजी घाट, इमामपूर घाट, चंदनापुरी, विठा, सगळे घाट त्याने त्या लहानशा गाडीवर कितीदा चढले-उतरले असतील त्याला गणती नाही. माझे सासरे म्हणायचे, याला जिल्ह्याचा नकाशा डोक्यात नाही, बुडाला पाठ आहे.

मग एके दिवशी राहुरीच्या अलीकडे शेजारून निघालेला टेम्पो त्याला दिसलाच नाही. आरशाला घासून गेला, निभावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डोळे तपासायला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर आधी जाते, समोरचं शाबूत राहतं, त्यामुळे माणसाला बरेच दिवस पत्ताच लागत नाही. डॉक्टर भले होते, पण त्यांनी गुळमुळीत काही सांगितलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली जमेल तितकी सांभाळू, थेंब चुकवू नका, आणि गाडी आजपासून बंद.

सुरेशने किल्ली टीव्हीवर ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला त्या वेळी जग एखाद्या नळीतून बघावं तसं दिसत होतं. ताटातली भाजी दिसली तर पोळी दिसायची नाही. नोकरी त्याने मुदतीआधीच सोडली. दिवसभर रेडिओ लावून बसायचा. जिना उतरताना भिंतीला हात लावायचा आणि मी बघते आहे असं कळलं की काढून घ्यायचा.

त्याच सुमारास त्याचे थोरले भाऊ एक गिऱ्हाईक घेऊन आले. भाऊजी स्वभावाने वाईट नाहीत. त्यांना वाटलं, गाडी नुसती गंजणार, तिचं काहीतरी लावून टाकू. तो माणूस गाडीभोवती फिरला, क्लच दाबून बघितला, सीटवर थापटी मारली. जनावराच्या बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी. आत सुरेशने रेडिओचा आवाज मोठा केला. तो आवाज ऐकून माझ्या आत काहीतरी पेटलं. मी बाहेर आले आणि म्हटलं, गाडी विकायची नाही, मी चालवणार आहे. भाऊजी हसले. अगदी प्रेमाने हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "अगं, तुला हवी तर एक स्कूटी घे की. ही गिअरची गाडी तुला कशी झेपणार?"

मी इयत्ता दहावीच्या साठ पोरांना भूमिती शिकवते. मला गिअर झेपणार नाहीत!

शाळेच्या मागच्या मैदानावर पहाटे मी शिकले. सुरेश कडुलिंबाखाली उभा राहायचा. मी लांब गेले की त्याला दिसायचे नाही, पण इंजिनाच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं. "दुसरा टाक! रडतीये ती!" असा तिथून ओरडायचा. आधी मी पडले, मग कमी पडले, मग पडेनाशी झाले. आणि एक दिवस मी त्याला मागे बसवून पुणे रोडवर काढलं.

नवरा मागे आणि बायको पुढे, हे दृश्य आपल्याकडच्या लोकांना अजून पचत नाही, हे मला तेव्हा कळलं. सिग्नलला शेजारचा माणूस माझ्याकडे न बघता सुरेशला विचारायचा, "काय काका, आज सुट्टी का?" पेट्रोल पंपावर हँडल माझ्या हातात, पैसे माझ्या हातात, आणि पंपावरचा विचारणार त्यालाच, किती टाकू म्हणून. एकदा एका हवालदाराने मला थांबवलं आणि लायसन मागितलं ते मागे बसलेल्या माणसाचं! सुरेशने शांतपणे सांगितलं, "साहेब, मी प्रवासी आहे. ड्रायव्हर या बाई आहेत." सुरेशला या सगळ्याची गंमत वाटायची. मला वाटायची नाही. एखाद्याची नजर जातेय, त्याची बायको त्याला घेऊन हिंडतेय, याच्यात हसण्यासारखं नेमकं काय आहे, हे मला कोणी समजावून सांगावं.

तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद. संध्याकाळी त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि तो मान मागे टेकून तसाच पडून राहिला होता. डोळे मिटलेले. म्हणाला, "राजूरच्या पुढचं ते वळण एकदा बघायचं होतं."

ते वळण मला ऐकून माहीत होतं. लग्न झाल्यापासून ऐकत होते. राजूर सोडून भंडारदऱ्याकडे गेलं की रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो, आणि एका वळणावर डावीकडची झाडी एकदम संपते. खाली धरणाचं पाणी, समोर रतनगड, आणि सोनकीच्या दिवसांत मधले सगळे उतार पिवळे. तिकडच्या केंद्रांवर जाताना सुरेश दरवर्षी तिथे गाडी उभी करायचा. दरवर्षी घरी येऊन म्हणायचा, पुढच्या वर्षी तुला नेतो. पुढच्या वर्षी कधी माझ्या घटक चाचण्या असायच्या, कधी मुलीचा ताप, कधी पाहुणे. आता डॉक्टरांच्या बोलण्यातून पुढच्या वर्षाची खात्री निघून गेली होती.

मी म्हटलं, शनिवारी सकाळी निघू.

भाऊजींनी फोनवर समजावलं. जायचंच तर एखादी गाडी करून जा, एसी लावा, आरामात जा. सुरेशने नको म्हटलं. चारचाकीत बसलं की त्याला पुढच्या सीटची पाठ दिसायची, नाहीतर खिडकीची चौकट, आणि त्यातच त्याची सगळी नजर खर्च व्हायची. मोटारसायकलवर निदान आडवं काही येत नाही.

राहुरीपर्यंत उसाच्या भिंती. संगमनेरात भजी खाल्ली. अकोल्यापुढे हवा बदलली. गवताचा, ओल्या शेणाचा आणि निसवू लागलेल्या भाताचा एक मिसळलेला वास येऊ लागला. मागून सुरेश सांगायचा, आता प्रवरा जवळ आली, आता डावीकडे एक पडकं जकात नाकं येईल. यायचं. विठा घाट सुरू झाला. एका बाजूला डोंगर, त्याच्यावरून निथळणारं पाणी; दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वळणामागून वळण. समोरून आलेली पर्यटकांची गाडी अर्ध्याहून जास्त रस्ता खाऊन, गाणी लावून सुसाट जायची आणि तिच्या वाऱ्याने आमची चिमुकली गाडी हलायची. त्यात सुरेश कानाशी, आता तिसरा, आता दुसरा, ब्रेक दाबून धरू नको. शेवटी मी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं, अजून एक शब्द बोललास तर इथेच उतरवीन. तो गप्प झाला. पुढच्या अवघड वळणावर मला वाटलं, आता तरी काहीतरी बोल. पण तोही हट्टी. घाट संपला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. मला पदवी मिळाली तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

राजूरच्या बाहेर त्याच्या थेंबांची वेळ झाली. मी रस्त्याकडेच्या एका मोरीच्या कठड्यावर त्याला बसवलं, हनुवटी धरून मान वर केली आणि वाकून थेंब टाकू लागले. तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी वेग कमी करत आली. काचा खाली. आत चार-पाच तरणीताठी, चांगल्या घरची दिसणारी माणसं. त्यांतल्या एकाने मोबाईल आमच्यावर धरला होता. "काका-काकू, लगे रहो!" असं ओरडून, हसत ती गाडी गेली. माझा हात हलला आणि थेंब त्याच्या गालावर पडला. तो थेंब गालावरून खाली ओघळताना मी बघत राहिले. कुठल्यातरी फोनमध्ये तो व्हिडिओ अजून असेल. त्याच्याखाली हसणारी चित्रं असतील. मला त्या पोरांना गाठायचं होतं, त्यांच्या आईबापांची नावं विचारायची होती. सुरेश म्हणाला, "जाऊ दे, दुसरा थेंब टाक."

हे 'जाऊ दे' मला आयुष्यभर पुरलेलं आहे.

मग ते वळण आलं. सुरेशने आधीच सांगून ठेवलं होतं, उंबराचं मोठं झाड गेलं की हळू कर. उंबर गेलं. मी हळू केली. आणि डावीकडे, जिथे झाडी संपून सगळं उघडं व्हायचं, तिथे पत्रे होते. माणसाहून उंच, निळे, रस्त्याच्या कडेला चिकटून वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पत्र्यांवर एक लांबलचक फ्लेक्स ताणला होता. त्याच्यावर धरणाचं पाणी, रतनगड आणि पिवळे उतार छापले होते आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत हक्काची जागा.'

जे झाकलं होतं त्याचंच चित्र त्याच्यावर टांगलं होतं. सुरेश उतरला. मान डावी-उजवी करत त्याने त्या चित्राचे तुकडे गोळा केले. आधी मला वाटलं, त्याला कळलं नाही. मग तो म्हणाला, "रंग जरा भडक मारलाय."

मी फाटकापाशी गेले. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक राखणदार बसला होता, जवळपासच्याच गावातला, पन्नाशीचा. मी त्याला नीट सांगितलं. यांची नजर जातेय, फक्त पाच मिनिटं कडेला उभं राहून बघू द्या. त्याने आधी सुरेशकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बुकिंग असल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता, मालक मुंबईला, आणि आत कोणा जोडप्याच्या लग्नाआधीच्या फोटोंचं काम चालू होतं. पत्र्याच्या फटीतून मला ते दिसत होतं. मुलीचा लांब लाल झगा सोनकीवर पसरला होता आणि दोन माणसं तो उचलून पुन्हा पुन्हा पसरत होती. दर वेळी खालची फुलं आडवी व्हायची.

मी म्हटलं, रस्ता सरकारचा, डोंगर कोणाचा, पाणी कोणाचं? तुमचा मालक हे सगळं घेऊन आला होता का? माझा आवाज चढला होता. तो बिचारा म्हणाला, "बाई, मला काय बोलता. माझी गुरंसुदिक ह्याच उतारावर चरायची. आता मलाच इथं बसवलाय, दुसऱ्यांची हाकलायला." राग करायला समोर माणूसच उरला नाही. जो मालक होता तो फोनवरच्या आवाजाएवढाही तिथे नव्हता.

सुरेश म्हणाला, चल. मी त्याला ऐकवलं, की या खेपेला मी जाऊ देणार नाही. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून भांडत होतो, तेवढ्यात वरच्या बाजूने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उतरली. साठीच्या पुढची, पायात काही नाही. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं. भारा कठड्याला टेकवून तिने सुरेशला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाली, "ह्यो न्हाई सोडायचा तुमाला. माझ्यामागं या. आमची पान्याची वाट हुती ही. आता चोरावानी जावं लागतं."

वळणाच्या टोकाला एका पत्र्याचा खालचा कोपरा वाकवलेला होता. माणूस ओणवा होऊन जाईल एवढीच जागा. मावशी सरावाने पलीकडे गेल्या आणि त्यांनी पत्रा वर धरला. मग माझा नवरा, ज्याला तालुक्यातल्या प्रत्येक दूधवाल्याने उठून नमस्कार केलेला मी पाहिला आहे, तो चिखलात हातपाय टेकून त्या भोकातून पलीकडे गेला. त्याच्या पाठीला पत्रा घासला. शर्ट फाटल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या क्षणी मला जो राग आला तसा आधी कधी आला नव्हता. आयुष्यभर जे त्याने रस्त्यावर उभं राहून, ताठ मानेने, फुकट बघितलं होतं, ते बघायला आज त्याला गुडघ्यांवर यावं लागलं होतं.

पण त्याने बघितलं. कडेच्या कातळावर बसून, मान इंचाइंचाने फिरवत, धरणापासून गडापर्यंत आणि गडापासून पायाजवळच्या फुलांपर्यंत तो बघत होता. ढगाची सावली समोरच्या उतारावरून सरकत गेली की त्याची मान तिच्यामागे जायची आणि सावली त्याच्या नळीतून निसटली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मावशी थोड्या अंतरावर बसून तंबाखू मळत होत्या. मी समोर फार पाहिलंच नाही, त्याच्याकडेच बघत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "झालं. आता जायला हरकत नाही."

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या पत्र्यांबद्दल चौकशा केल्या. जिथे जिथे विचारायचं तिथे विचारलं. सगळीकडे नम्रपणे एकच उत्तर मिळालं. जागा खाजगी आहे, परवानग्या आहेत, आणि बाई, तुम्ही कुठल्या? केडगावच्या? मग तुमचा यात संबंध काय? एका साहेबांनी तर हसून सुचवलं की इतकी आवड आहे तर एक रात्र राहून या, सोय छान आहे. माझा संबंध काय, याचं उत्तर मला त्या टेबलासमोर देता आलं नाही. घरी येताना सगळ्या रस्त्याने सुचत राहिलं.

त्यानंतरच्या दोन भाद्रपदांत सुरेशची उरलेली नजरही पातळ होत गेली. आता त्याला उजेड आणि अंधार कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, मी समोर उभी राहिले तर एक सावली कळते. फोटो बघून तोंडभरून बोलणाऱ्या आमच्या नातेवाइकांपैकी एकाने मला यंदा विचारलं, की आता त्यांना तिकडे नेऊन काय उपयोग? गेल्या शनिवारी गाडीत हवा भरली आणि निघालो.

मला माहीत होतं की पत्र्यांच्या जागी आता पक्की भिंत झाली आहे. वर तीन मजल्यांची इमारत, तिला काचेच्या गॅलऱ्या. ग्रुपवरच्याच एका फोटोत मी ते पाहिलं होतं. सुरेशला सांगितलं नव्हतं. ठरवलं होतं, उंबर गेलं की थोडं पुढे जायचं, जिथे उघडं असेल तिथे थांबायचं आणि म्हणायचं, हेच ते.

उंबर गेलं. मी वेग कमी केला नाही. मागून त्याने खांदा दाबला.

"थांब. इथे खालून वारा यायचा. येत नाहीये." मग म्हणाला, "भिंत बांधली का?"

मी गाडी थांबवली. हो म्हटलं. तो उतरला, काठी टेकत, एक हात पुढे करून चालत गेला आणि भिंतीला तळहात लावून उभा राहिला. मी वाट बघत होते, आता 'जाऊ दे' म्हणेल. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हॉर्न वाजव."

मी विचारलं, कशाला? म्हणाला, "वळणावर हॉर्न वाजवायचाच असतो. वाजव, आणि थांबू नको."

मी बटणावर अंगठा ठेवला. आमच्या गाडीचा हॉर्न तो केवढा! एखाद्या कोकरासारखा. पण डोंगरात तो घुमत राहिला. मागे एक एसटी येऊन थांबली. तिच्या ड्रायव्हरला काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानेही दोनदा दाबला. वरच्या गॅलऱ्यांतून कप हातात घेतलेली माणसं वाकून बघू लागली. अखेर फाटकातून टाय लावलेला मॅनेजर धावत आला. मी अंगठा काढला. त्याने सुरेशची काठी पाहिली, फाटकाकडे हात केला आणि अदबीने म्हणाला, की काही गैरसमज झाला असेल तर आत या, चहा घ्या, वरून व्ह्यू बघा, आमच्याकडून.

सुरेश म्हणाला, "मला दिसत नाही हो. पण या एसटीतल्या लोकांना दिसतं. त्यांना इथून दिसायचं. तेवढं तुम्हाला सांगून जावं म्हणून थांबलो."

एसटीच्या खिडक्यांतून माणसं भिंतीकडे बघत होती. सुरेश चाचपडत आला आणि मागे बसला. मी किक मारली, पहिला टाकला आणि पुढच्या वळणावर कोणी सांगायच्या आत पुन्हा हॉर्न दिला.